चाळीस बगळे आणि एक कात्री

गल्लीच्या अगदी शेवटच्या घरात दोन बहिणी राहत. मोठीला सगळे थोरली म्हणत आणि लहानीला धाकटी. धाकटीला आता बासष्ट संपून त्रेसष्टावं लागलं होतं, पण या गल्लीत माणूस एकदा धाकटं ठरलं की ठरलं. दोघी मिळून हातानं शुभेच्छापत्रं बनवत. जाड कागदाला भोकं पाडायची, त्या भोकांतून रेशमी दोरा ओवायचा आणि कागदावर फूल, होडी, पक्षी असं काही उभं करायचं. या कामात गंमत अशी की दोऱ्याच्या सगळ्या रेघा सरळसोट, तरी लांबून पाहिलं की बगळ्याची मान छान वळलेली दिसते. ती वळते कुठून हे बघणाऱ्याला कळत नाही आणि बनवणारीला सांगता येत नाही.

भोकं थोरलीची, दोरा धाकटीचा. थोरली कार्डाखाली जुन्या गादीचा तुकडा ठेवी, वर नक्षीचा कागद ठेवी आणि लाकडी मुठीच्या सुईनं टुक टुक टुक भोकं पाडत बसे. एका बगळ्याला एकशे बारा. मग ते कार्ड टेबलावरून सरकत धाकटीकडे येई आणि धाकटी ओवायला लागे.

आता कात्रीचं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिचाच आहे. घरात कात्री एकच, आणि ती थोरलीच्या गळ्यात निळ्या फितीला लटकलेली असे. धाकटी सात वर्षांची असताना तिनं पडद्याच्या झालरी कापल्या होत्या, आणि झालरी संपल्यावर स्वतःची अर्धी वेणी. तेव्हा आईनं हुकूम काढला होता, "कात्री थोरलीकडे राहील. हिच्या हातात द्यायची नाही." हा हुकूम आईनं कधी मागे घेतला नाही आणि आता मागे घ्यायला आई उरली नव्हती. त्यामुळे गेली पंचावन्न वर्षं कार्ड पुरं झालं की धाकटी ते पुढे करी, थोरली दोरा कापी, चिकटपट्टीचा तुकडा कापी, मागच्या बाजूला टोक चिकटवून टाकी. दोघींनाही यात काही वावगं वाटत नसे.

मग एके दिवशी कार्डं विकत घेणारा स्टेशनरीवाला घरी आला. चहाची वाट बघता बघता तो एक होडी उजेडात धरून म्हणाला, "कमाल आहे हो. हे जमतं तरी कसं?"

धाकटीला कौतुक फार मानवत नाही. ते तिच्या डोक्यात जातं. ती म्हणाली, "भोकं काय, ती कुणीही पाडेल. खरं काम दोऱ्याचं."

थोरली स्वयंपाकघराच्या दारात किटली घेऊन उभी होती. तिनं स्टेशनरीवाल्याला चहा दिला, वर दोन बिस्किटं दिली, पाहुण्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. आणि त्या क्षणापासून धाकटीशी बोलणं बंद केलं.

बंद म्हणजे अगदी बंदही नाही. सांगायचं असेल ते थोरली किटलीला सांगे. "किटले, कुणाला दोन पोळ्या हव्या असतील तर झाकणाखाली आहेत." धाकटीनंही हट्ट सोडला नाही. तीही किटलीलाच म्हणे, "किटले, कुणाला सांग, मी जेवले." अशा रीतीनं त्या घरात सगळ्यात जास्त ऐकून घेणारी किटली होती, आणि बिचारीनं कुणाची बाजू घेतली नाही.

नेमकं त्याच आठवड्यात पोस्टमनचं काम आलं. पोस्टमन निवृत्त होणार होता. चौतीस वर्षं त्यानं या गल्लीत टपाल वाटलं होतं आणि एकदाही एखाद्या पाकिटाचा कोपरासुद्धा दुमडू दिला नव्हता. शेवटच्या दिवशी गल्लीतल्या चाळीस घरांना आभाराचं एकेक कार्ड द्यायचं त्यानं मनात घेतलं होतं.

"नक्षी कसली हवी?" धाकटीनं विचारलं.

"बगळा घाला," पोस्टमन म्हणाला. "जन्मभर पायांवरच उभा आहे मी."

"चाळीस घरांत आमचंही आलं की, भाऊ."

"मग तुमचंही बनवा. मी आणून देईन."

थोरलीनं दोन दिवसांत चाळीस कार्डांना भोकं पाडून गठ्ठा टेबलावर ठेवला. कामात खोट नाही. मग ती किटलीला म्हणाली, "किटले, माझ्या लेकाचा फोन आला होता. कधीचा बोलावतोय. एकोणीस तारखेच्या सव्वा अकराच्या बसनं मी जाते. कायमची."

एकोणीस तारीख म्हणजे पोस्टमनचा शेवटचा दिवस. धाकटीच्या तोंडाशी शब्द आले होते, "ताई, जाऊ नकोस." पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "किटले, सांग, बसमध्ये खिडकीची जागा धरावी."

पहिला बगळा पुरा झाला तेव्हा धाकटीनं सवयीनं कार्ड पुढे केलं. समोर खुर्ची रिकामी. थोरली आतल्या खोलीत ट्रंक भरत होती, कात्री तिच्या गळ्यात. आता आत जाऊन कात्री मागायची म्हणजे बोलणं आलं, आणि बोलणं म्हणजे हार. दातानं तोडावा म्हटलं तर पुढचे दोन खोटे दात शेजारच्या दंतवैद्याकडे दुरुस्तीला गेले होते. सुरी होती. पण सुरीनं दोरा कापताना थोरलीनं पाहिलं असतं तर कात्रीवाचून अडलं हे तिला कळलं असतं, आणि धाकटीला मरण परवडलं असतं पण ते नाही.

म्हणून तिनं दोरा कापलाच नाही. पाचसहा हात मोकळा सोडला आणि तोच पुढच्या कार्डात घातला.

एरवी ती हातभर दोरा घेऊन बसे. आता रेशमाची लडी अख्खीच्या अख्खी उलगडायची आणि संपली की तिच्या टोकाला दुसरी गाठायची. सतरा हात दोरा एका भोकातून पार ओढायचा तर बसून भागत नाही. टाका घातला की ती सुई धरून टेबलापासून निघे, स्वयंपाकघर ओलांडी, मागच्या दारातून अंगणात जाई, दोरा ताठ झाला की परत येई. पुन्हा टाका, पुन्हा अंगण. जसजशी लडी संपत येई तसतशी चाल आखूड होई, आणि नवी लडी जोडली की पुन्हा अंगण नशिबी. वाटेत थोरली आडवी आली तर दोघी अंग चोरून एकमेकींना वाट देत, मुकाट्यानं. पंधरा दिवसांत धाकटीचे दोन्ही स्कर्ट कमरेत ढिले झाले. "किटले, कुणीतरी वाळत चाललंय," थोरली एकदा म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती असं धाकटीला वाटलं, पण काळजी किटलीची असेल तर काय करा.

एकोणचाळीस बगळे झाले आणि दोरा संपला. नवी लडी घरात नव्हती. उरलेलं पाचसहा हात टोक तिनं चाळिसाव्या कार्डाच्या पहिल्या भोकात घालून ठेवलं. ते कार्ड त्यांचं स्वतःचंच होतं. घरचंच आहे, राहू दे, असं तिनं मनाशी म्हटलं.

एकोणीस तारखेला सकाळी पोस्टमन कार्डं न्यायला आला. धाकटीनं टोपली पुढे केली. त्यानं पहिलं कार्ड उचललं, त्याच्यामागून दुसरं उठलं, दुसऱ्यामागून तिसरं.

"हे काय, धाकट्या ताई?"

"चाळीस आहेत. मोजून घ्या."

"अहो पण ही सगळी एकमेकांना बांधलेली आहेत!"

"तुम्ही कापा की वाटताना," धाकटी म्हणाली, जणू साधी गोष्ट.

पोस्टमन ताठ झाला. "चौतीस वर्षांत मी टपालाला कात्री लावली नाही. आज शेवटच्या दिवशी लावू?" आणि त्यानं टोपली काखोटीला मारली. चाळिसावं कार्ड मात्र त्यानं तिथेच, दारात, दोन्ही हातांनी धाकटीला दिलं. "हे तुमचं. पोचलं असं समजा."

आता ही गल्ली अशी की एका बाजूला गोदामाची लांब भिंत आणि दुसऱ्या बाजूला भिंतीला भिंत लावून चाळीस घरं. दारापासून दार चार पावलं. पोस्टमन शेवटून पहिल्याकडे वाटत निघाला. दंतवैद्याला बगळा, न्हाव्याला बगळा, शिंपिणीला बगळा. प्रत्येकानं दारात उभं राहून कार्ड वाचलं, डोळे पुसले आणि दार लावायला गेला, तर दार लागेना. दारातून दोरा आत आलेला आणि दोरा बाहेर गेलेला. अर्ध्या तासात सगळी गल्ली चाळीस उघड्या दारांची झाली.

तिथून पुढे जे झालं त्याला कुणाचाच इलाज नव्हता. संगीतशिक्षिकेनं जोर करून दार लोटलं, तशी शेजारच्या कुलूपवाल्याच्या बगळ्याची मान सरळ झाली. कुलूपवाल्यानं ती परत वळवायला दोरा ओढला, तर संगीतशिक्षिकेच्या बगळ्यानं एक पाय वर घेतला. बगळा एका पायावर उभा राहतो हे खरं, पण तिनं तो दोन पायांवर घेतला होता. एका बाईनं नखं कापायच्या चिमट्यानं दोरा तोडून पाहिला; तो तुटला नाही, पण ओढाताणीत तिचा बगळा तर गेलाच, वर शेजारणीच्या बगळ्याचा पंखही उसवला. मग कुणी धजेना. शिंपिणीला म्हणाले, तू काप. ती म्हणाली, "दुसरीच्या दोऱ्याला मी कात्री लावत नाही." न्हाव्याला म्हणाले. तो म्हणाला, "दोऱ्यानं धार जाते. मग तुमच्या कानाला लागली तर मला बोलू नका."

इतक्यात थोरली ट्रंक घेऊन घराबाहेर पडली.

ती उंबऱ्याशी घटकाभर थांबली. धाकटी दारातच उभी होती, हातात न ओवलेलं कार्ड. दोघी एकमेकींकडे सोडून सगळीकडे बघत होत्या. "किटले, येते," थोरली आतल्या दिशेनं म्हणाली, आणि दोऱ्याखालून वाकून चालायला लागली. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्याचा भयंकर राग आला.

बस मिळे ती गल्लीच्या तोंडाशी, पहिल्या घरापुढे. थोरली चाळीस घरं ओलांडून तिथे पोचली तेव्हा तिच्यामागे अर्धी गल्ली चालत आली होती.

"थोरल्या ताई, जा खुशाल," पोस्टमन म्हणाला, "पण आधी एवढं सोडवून जा. माझा शेवटचा दिवस आहे हो."

थोरलीनं पहिल्या घरातलं कार्ड हातात घेतलं. उलटलं. मागची बाजू पाहिली. ना गाठ, ना चिकटपट्टी. तिनं कोटाच्या खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढलं. प्रवासालाही ती ते घेऊन निघाली होती. गळ्यातली कात्री उघडली. टोक चिकटवलं, कच्‌, झालं. पहिलं दार लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"ट्रंक धरा कुणीतरी," ती म्हणाली आणि दुसऱ्या घराकडे वळली.

धाकटी चाळिसाव्या घराच्या खिडकीतून कार्ड आत घेऊन तिथेच उभी होती. तिला इतक्या लांबचं काही दिसत नव्हतं, पण दोरा हातात होता. प्रत्येक कच्‌ला त्याला बारीकसा हिसका बसे. एक. दोन. तीन. मग पुष्कळ वेळ काही नाही, म्हणजे उसवलेला पंख थोरली भरत असणार. पुन्हा एक. थोरलीचा हात कसा चालतो हे धाकटीला पाठ होतं. तिला दोऱ्यातून तो कळत होता. आणि दर हिसक्याला थोरली एक घर जवळ येत होती, हे तिच्या जरा उशिरानंच ध्यानात आलं.

सव्वा अकराला बसनं भोंगा वाजवला. दोऱ्याला पुढचा हिसका बसलाच नाही. बसनं आणखी एकदा भोंगा वाजवला, मग तिचा आवाज लांब लांब जात नाहीसा झाला. थोड्या वेळानं दोरा हलला. कच्‌. धाकटी खिडकीच्या कठड्यावर डोकं टेकून रडली, आणि रडताना हातातलं कार्ड काचेला लागलं.

बाहेर चांगलं ऊन होतं. उजेड कार्डाच्या भोकांतून आला.

धाकटीनं नाक पुसलं आणि नीट पाहिलं. अख्खा बगळा होता. दोऱ्याचा एक टाका नसताना चोच होती, पाय होते, पंख होते, आणि मानसुद्धा वळलेली होती. इतकी वर्षं ती कार्ड हातात पडल्याबरोबर ओवायला बसत आली होती. नुसती भोकं उजेडात धरून तिनं कधी पाहिलीच नव्हती. तिनं सवयीनं ती मोजली. एकशे तेरा.

पुन्हा मोजली. एकशे तेराच. नक्षीच्या कागदावर एकशे बारा असतात, ते तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. जास्तीचं भोक डोक्याच्या मधोमध होतं. इतकं बारीक, की त्यातून कुठलीच सुई गेली नसती. तो बगळ्याचा डोळा होता.

ओवताना त्या जागेवरून अकरा दोरे जातात. धाकटीनं एकोणचाळीस डोळे बुजवले होते. आणि त्याआधीचे किती, कोण जाणे.

थोरली आली तेव्हा दीड वाजून गेला होता. मागून दंतवैद्य ट्रंक घेऊन आला, ती दारात ठेवून आपल्या घरी, आपल्या बगळ्याजवळ गेला. एकोणचाळिसाव्या घरात काम अर्धंच राहिलं होतं. चिकटपट्टी संपली होती.

थोरली आत आली, स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, "किटले, चिकटपट्टीचं नवं रीळ कुठल्या खणात आहे?"

"किटलीला नको विचारू," धाकटी म्हणाली. "मला विचार."

थोरली वळली नाही. पण पुढेही गेली नाही.

"ताई, हा डोळा कधीपासून पाडतेस?"

"पहिल्या पक्ष्यापासून," थोरली म्हणाली.

"आणि मी दरवेळी वरून दोरा घालते. सांगितलं का नाहीस?"

"भोकं काय," थोरली म्हणाली, "कुणीही पाडेल."

धाकटीनं मान खाली घातली. पंधरा दिवस चालून चालून तिचे पाय दुखत होते, पण ते दुखणं याच्यापुढे काहीच नव्हतं. "नाही पाडणार," ती म्हणाली. "कुणीच नाही पाडणार. मी मूर्खासारखं बोलले. तू जायचं तर उद्याच्या बसनं जा, पण हे ऐकून जा." आणि मग, तोंडातून शब्द सुटलेच होते म्हणून, जे इतके दिवस बोलली नव्हती तेही बोलून टाकलं. "कात्री देतेस?"

थोरलीनं वळून तिच्याकडे पाहिलं. मग निळी फीत डोक्यावरून काढली. कात्री पुढे केली, अर्धी मागे घेतली, पुन्हा पुढे केली. "बोटं सांभाळ," ती म्हणाली.

धाकटीनं पंचावन्न वर्षांनी हातात कात्री धरली. खिडकीतून शेजारी गेलेला दोरा ताठ ताणलेला होता. तिनं डोळे बारीक केले, जीभ दातांच्या फटीतून बाहेर काढली आणि कच्‌कन कापला.

दोरा सापासारखा सर्रकन खिडकीबाहेर गेला. पलीकडून दंतवैद्याची आरोळी आली, "अहो! माझ्या बगळ्याची मान गेली! पंखही चालला! अहो, थांबवा कुणीतरी!"

दोघींनी खिडकीतून डोकी बाहेर काढली.

"आधी चिकटपट्टी लावायची असते," थोरली म्हणाली.

"मला काय माहीत? कधी हातात दिलीस?"

"आई उगीच नव्हती देत." थोरलीनं कात्री तिच्या हातातून काढून घेतली आणि गळ्यात घातली. मग कोट उतरवला, खुंटीला लावला, ट्रंक उघडली. सगळ्यात वर, कपड्यांच्याही वर, लाकडी मुठीची सुई आणि गादीचा तुकडा ठेवलेला होता. "जा, त्याचं कार्ड घेऊन ये. नव्यानं करावं लागेल. आणि या खेपेला डोक्यावरून दहाच दोरे घाल."